पंगतीतला राहू

त्या उन्हाळ्यात पौर्णिमाच्या घरात देव शिरले ते लग्नपत्रिकांवर बसून. एरवी त्या घरात देवांना वाट नव्हती. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली मेणबत्ती लावायची फळी आणि बाजूला वारलेल्या सासूबाईंचा फोटो, एवढंच. पण शाळेचं काम अंगावर आलं, आणि गणपती, विष्णू, लक्ष्मी, गरुड असे सोनेरी शाईतले सगळे देव पिशव्या भरभरून ओसरीवर येऊन पडले.

पौर्णिमा गावातल्या माध्यमिक शाळेत चित्रकलेची बाई. नांदूरघाटच्या अलीकडचं ते गाव. शाळेत रंगांच्या पेट्या येत नसत, आल्या तरी निम्म्या वाळलेल्या निघत. म्हणून तिनं पोरांना चिकटकामाची गोडी लावली होती. जुनी कॅलेंडरं, साड्यांचे खोके, चहाचे पुडे, निवडणुकीची पत्रकं, जे हाती येईल ते फाडायचं, कातरायचं आणि खळ लावून बसवायचं. तिनं बियाण्यांच्या पिशव्यांमधून केलेला बैल जिल्ह्याच्या प्रदर्शनात लोक बोट लावून लावून बघत होते. चित्र रंगवणारे पुष्कळ असतात, पण टाकलेल्या कागदातून जनावर उभं करायला वेगळी नजर लागते, आणि ती तिच्याकडे होती.

शाळेचं नवं सभागृह बांधून झालं तेव्हा संस्थेचे अध्यक्ष मोहनराव यांनी तिला बोलावून घेतलं. मोहनराव ऐंशीच्या घरातले. गावातली मोठी शेती त्यांची, शाळा त्यांच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, काढलेली. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे. बोलायला गोड माणूस. सभागृहाच्या भिंतीवर समुद्रमंथन पाहिजे, ते म्हणाले, पण रंगातलं नको, तुमच्या पद्धतीचं. गावातल्या प्रत्येक घरातून एकेक लग्नपत्रिका आणा, म्हणजे सगळ्यांचा हात लागेल. पौर्णिमाला ती कल्पना मनापासून आवडली. आपलं काम कुणीतरी एवढ्या मोठ्या भिंतीवर लावतंय, याचा आनंदही होताच.

तिचा नवरा संजय अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात तंत्रज्ञ होता. रोज जाऊन येऊन करी. देवांचा तो ढीग बघून त्यानं कपाळाला आठी घातली. बाबासाहेबांच्या प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात विष्णू कातरत बसायचं, हे काही बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. पौर्णिमानं त्याला समजावलं की ही पूजा नव्हे, गोष्ट आहे. गोष्टीचं चित्र काढलं म्हणून कुणी तिचा भक्त होत नाही. सासरे आसाराम बाजेवर बसून सगळं ऐकत होते. त्यांना ती मामा म्हणे. मामा तालुक्याच्या कचेरीत शिपाई म्हणून निवृत्त झालेले, थट्टेखोर, गल्लीतल्या पोरांचे आवडते. पण त्या दिवशी त्यांनी पत्रिकांच्या ढिगाकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवून पडून राहिले.

काम सुरू झालं. प्लायवूडच्या मोठ्या फळ्या ओसरीवर मांडल्या. समुद्र खताच्या निळ्या पोत्यांच्या पट्ट्यांचा झाला. मंदार पर्वत वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींचा, म्हणजे जवळ गेलं की सगळीकडे 'पाहिजेत, पाहिजेत' असं वाचता येई. वासुकी नाग साड्यांच्या खोक्यांच्या चकचकीत काठांतून वळवळत गेला. सहावीतली सायली आईला कागद निवडून देई. सुट्टीची दुपार कशी जाई ते मायलेकींना कळत नसे.

मग एक दिवस मोहनरावांचा मुलगा अभिमन्यू आला. तो संस्थेचा सचिव. त्यानं पाकिटातून आबासाहेबांचा मोठा फोटो काढून दिला. फेटा, भरदार मिशा, करारी डोळे. देवांच्या पंगतीत मोहिनी अमृत वाढते ना, त्या पंगतीत पहिल्या जागी आजोबांना बसवा, तो म्हणाला, वडिलांची इच्छा आहे. पौर्णिमा हो म्हणाली. शाळा काढणारा माणूस, त्याला नातू मान देतोय, यात तिला वावगं वाटलं नाही. तिनं फोटो कातरून पहिल्या पाटावर बसवूनही टाकला.

आता उरला राहू. पंगत बसली, मोहिनी वाढायला लागली, तेव्हा एक दैत्य देवाचं रूप घेऊन सूर्य आणि चंद्राच्या मधोमध येऊन बसला. त्यालाही अमृत मिळालं. त्यानं घोट घेतला, तेवढ्यात शेजारच्या दोघांनी त्याला ओळखलं आणि बोट दाखवलं. विष्णूनं चक्र सोडून त्याचं मुंडकं उडवलं. अमृत गळ्याखाली उतरलं नव्हतं, म्हणून धड मेलं आणि डोकं तेवढं जिवंत राहिलं. तेच डोकं पुढं सूर्याचंद्राला गिळायला धावतं, म्हणजे ग्रहण लागतं, अशी ही गोष्ट.

राहूचा चेहरा करायला तिनं चहाच्या पुड्यांचा तपकिरी कागद घेतला, चुरगाळून सुरकुत्या पाडल्या, मोठे कान लावले, हनुवटीला खळगा ठेवला. तिच्या मनात कुणीच नव्हतं. पण सायलीनं शेजारी बसून बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, हे तर आजोबा हायेत."

पौर्णिमा चमकली. खरंच होतं. तेच कान, तोच खळगा. रोज डोळ्यांसमोर असलेला चेहरा हातातून उतरला होता. आणि त्याच क्षणी तिला मामांची ती गोष्ट आठवली.

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मामा लहान असताना आबासाहेबांच्या वाड्यावर लग्न होतं. धर्मांतराला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आसाराम आणि मोहन, म्हणजे आताचे मोहनराव, एका वर्गात. वर्गात बसायला वेगवेगळं, पण नदीवर पोहायला एकत्र. मोहननं आपला नवा सदरा आसारामच्या अंगात घातला आणि त्याला थेट पंगतीत नेऊन बसवलं. आसारामनं एक लाडू हाणला, दुसराही तोंडात घातला, आणि मग ओळखला गेला. मामा ही गोष्ट सांगताना गाल फुगवून दाखवत, पळताना धोतरात अडकून पडलेल्या वाढप्याची नक्कल करत. लहानथोर पोट धरून हसत.

पौर्णिमाला वाटलं, सापडलं. इतके दिवस आपण नुसती शोभा करत होतो. आता या चित्रात आपलं काहीतरी आहे. तिनं ठरवलं की राहूचा चेहरा हाच ठेवायचा आणि चक्र लावायचंच नाही. राहू पंगतीत बसलेला, वाटी ओठाला, धड शाबूत. बघणाऱ्यानं विचारावं, याला कापलं का नाही? मग सांगता येईल. तिनं सूर्याचं बोट केलं, चंद्राचं बोट केलं, दोन्ही त्याच्याकडे रोखलेली. दोन दिवस ती हवेत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा पाणी प्यायला उठले आणि फळीसमोर थांबले. पौर्णिमा स्वयंपाकघरातून बघत होती. ते हसतील असं तिला वाटलं. ते बराच वेळ उभे राहिले, मग खाली बसले, अगदी चित्राच्या जवळ, आणि राहूच्या गळ्यावर त्यांनी अंगठा टेकवला.

"हे मला कावून बसवलंस इथं?" त्यांनी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. मुद्दाम केलं नव्हतं, पण झाल्यावर ठेवलं. तुमच्यावर काय गुदरलं ते लोकांनी बघावं म्हणून ठेवलं.

"लोकांनी बघितलंच होतं की," मामा म्हणाले. "सगळ्या पंगतीनं बघितलं."

मग त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली. तेवढी त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगत गेले. वाढप्याला संशय आला तेव्हा त्यानं मोहनला विचारलं, हा कुणाचा? मोहननं बापाकडे बघितलं आणि बोट दाखवून म्हणाला, हा आसाराम, आमच्या इथला न्हाई, आपला आपण येऊन बसला. आबासाहेब उठून आले. त्यांनी पोराला हात लावला नाही. मांडवाच्या बाहेर धोंडीराम, म्हणजे आसारामचे वडील, लाकडं फोडत होते. त्यांना आत बोलावलं. म्हणाले, धोंड्या, तुझ्या पोराच्या तोंडात आमचा लाडू हाय, तो काढ.

"माझ्या बापानं दोन बोटं माझ्या तोंडात घातली," मामा म्हणाले. "लाकडाचा वास होता बोटांना. लाडू अजून गिळला नव्हता. त्यानं तो काढला आणि मातीत टाकला. पंगत जेवत राहिली. लई लोक होते पोरी, कुणी उठलं न्हाई."

पौर्णिमा त्यांच्या शेजारी खाली बसली.

"माझी आई ग्रहण लागलं की दारोदार जायची. दे दान, सुटे गिराण, म्हणत. आपल्या लोकांना राहूचे म्हणायचे, म्हणून आपणच मागायचं. दीक्षा घेतली तवा बापानं तिचं ते मागणं बंद केलं. गावात ताठ मानेनं सांगितलं, आमी आता कुणाचे न्हाई. आणि त्याच्यापुढच्या उन्हाळ्यात हे. त्या दिसानंतर बाप माझ्यासमोर कधी जेवला न्हाई. मी जेवायला बसलो की उठून जायचा. लोक विचारायला लागले, वाड्यावर काय झालं, काय झालं. म्हणून मी हसून सांगायला लागलो. हसून सांगितलं की पुढचं कुणी इचारत न्हाई."

मग ते म्हणाले, "मी बापाला झाकून ठेवलं इतकी वर्षं. आन तू मला परत त्याच पंगतीत चिकटवलंस. रोज पोरं येतील, बघतील. काढ मला तिथनं."

तिला वाद घालायचा होता. हीच तर सांगायची गोष्ट आहे, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण गोष्ट तिची नव्हती. तिनं ओला फडका घेतला आणि चेहरा भिजवायला सुरुवात केली. फेविकॉल पक्का बसला होता. कागद सरळ निघेना, आधी कान निघाले, मग कपाळ, मग हनुवटी सालपटासारखी फाटत आली. खाली उघडं लाकूड दिसायला लागलं. मग तिनं पहिल्या पाटावरचा आबासाहेबांचा फोटोही सोडवला. तो अख्खा निघाला. तो तिनं पुसून, वाळवून, पाकिटात घातला.

दुसऱ्या दिवशी तिनं अभिमन्यूला फोन करून सांगितलं की चित्र माझ्याच्यानं पुरं होणार नाही. कारण विचारलं तेव्हा घरगुती अडचण म्हणाली. संध्याकाळी जीप दारात उभी राहिली. अभिमन्यू आला होता आणि त्याच्या हाताला धरून मोहनरावही उतरले. सूनबाई आजारी आहे की काय ते बघायला आलो, असं म्हणत आत आले. संजय नुकताच कामावरून आला होता. त्यानं घाईनं खुर्च्या मांडल्या. मामा बाजेवर होते, ते उठून उभे राहिले. त्यांची उभं राहायची सवय पौर्णिमाला त्या दिवशी पहिल्यांदा टोचली.

मोहनरावांनी चित्र बघितलं, तोंडभर वाखाणलं. मग मधल्या उघड्या जागेवर त्यांची नजर अडली. इथं कोण, त्यांनी विचारलं. राहू, पौर्णिमा म्हणाली. मोहनराव हसले. मामांकडे वळले.

"आसाराम, आठवतं का रे तुला? आपण दोघं बसलो होतो पंगतीत. माझाच सदरा होता तुझ्या अंगात. त्या काळात एवढी हिंमत कुणी केली असती? मी उद्घाटनाच्या भाषणात सांगणार हाय हे. आमच्या घरात भेदभाव कधी नव्हता."

संजयनं हसल्यासारखं केलं. अभिमन्यूनं घड्याळाकडे बघितलं.

"भाषणात सगळं सांगा मग," मामा म्हणाले. "बोट दाखवलं ते बी सांगा, मोहनराव. माझ्या बापाला आत बोलावलं ते सांगा."

"कशाचं बोट?" मोहनरावांनी विचारलं.

मामांनी सांगितलं. पौर्णिमाला सांगितलं होतं तेवढंच, पण आता अर्ध्यावर 'तुमी' सुटून 'तू' आलं, नदीवरचं. "तू बाजूलाच होतास. माझ्या बापाचं कोपर तुझ्या ताटाला लागलं तर तू ताट मागं ओढलंस."

मोहनरावांचा चेहरा उतरला. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग चित्राकडे. "मला न्हाई आठवत रे," ते म्हणाले. "खरंच न्हाई आठवत."

"तुला आठवायची काय गरज? तोंड माझं होतं."

त्यांना खरंच आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, हे पौर्णिमाला कधीच कळलं नाही. म्हातारा खुर्चीचा हात चाचपत उठला आणि चहा न घेताच गेला. अभिमन्यूनं जाताना फोटोचं पाकीट मात्र मागून घेतलं.

अभिमन्यू चिडला नाही, निदान तसं दाखवलं नाही. चार दिवसांनी त्यानं पौर्णिमाला शाळेत बोलावून शांतपणे सांगितलं की बीडहून छापील चित्र मागवलंय, तुम्ही कष्ट घेतले त्याबद्दल आभार. आणि संस्थेची एक शाखा चकलांब्याच्या पुढं आहे, तिथं चित्रकलेला माणूस नाही, तर शाळा उघडल्यावर तुम्ही तिकडं रुजू व्हा. कुठं केज तालुका आणि कुठं गेवराई तालुक्याचं ते टोक. दोन गाड्या बदलून जायचं.

त्या रात्री संजयचा तोल सुटला. वडिलांसमोर तो कधी मोठ्यानं बोलला नव्हता. आताही त्यांच्यासमोर नाही बोलला, पण मधल्या पातळ भिंतीचं भान त्याला राहिलं नाही. "इतकी वर्षं गप्प बसले," तो म्हणाला, "उद्घाटन होईपर्यंत बसले असते तर काय बिघडलं असतं?" पौर्णिमानं त्याला गप्प केलं. पण तिला त्याचा राग आला नाही, कारण बदलीचं ऐकून शाळेतून परत येताना वाटेत हेच वाक्य तिच्याही मनात येऊन गेलं होतं. पलीकडे बाज करकरली. मामा जागे होते.

पुढचे दिवस घरात शांतता राहिली, पण बरी नव्हे. मामा कमी बोलायला लागले. एकदा सांगून टाकलं की माणूस हलका होतो म्हणतात, पण मामा हलके झालेले दिसले नाहीत. जेवायला बसले की मधेच थांबत, भाकरीचा तुकडा हातात घेऊन कुठंतरी बघत. गल्लीतली पोरं आली की त्यांना परत लावत. सायलीनं आईला विचारलं, आजोबा कुणावर रागावलेत? पौर्णिमानं फळ्या उलट्या करून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. त्यांच्या मागे पाली राहायला लागल्या. चित्र सोलून प्लायवूड शाळेला परत द्यावं, असं तिला रोज वाटे आणि रोज हात धजत नसे. आपण नसतं केलं तर हे काही झालं नसतं, हे एक. आणि आपण केलं नसतं तर आजेसासरे धोंडीरामांचं कुणालाच कळलं नसतं, हे दुसरं. दोन्ही खरं होतं, आणि त्यातलं कुठलंच तिला धड झोपू देत नव्हतं.

सभागृहाच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळपासून शाळेकडून स्पीकरचा आवाज येत होता. गावजेवण होतं. संजय कामाला निघून गेला. पौर्णिमा घरीच राहिली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. मामांनी मात्र लवकर आंघोळ केली आणि इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. का घातला ते तिनं विचारलं नाही.

दहाच्या सुमाराला जीप आली. बिभीषण नावाचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. "अण्णांनी पाठवलंय," तो म्हणाला. "आसारामदादांना घेऊन ये म्हणाले. शेजारी बसून जेवायचंय, त्यांच्याबिगर पंगत बसवणार न्हाई म्हणाले."

मामा बाजेवर ताठ बसले. त्यांनी सुनेकडे बघितलं. "जाऊ का गं?" ते म्हणाले. थट्टा नव्हती, ते खरंच विचारत होते.

पौर्णिमाच्या मनात काय काय येऊन गेलं. म्हाताऱ्याला कदाचित आठवलं असेल. कदाचित त्याला माफी मागायची असेल आणि ती अशीच मागता येत असेल. कदाचित लोकांसमोर नुसतं दाखवायचं असेल. आणि मामा गेले तर बदलीही थांबेल कदाचित. हा शेवटचा विचार आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तुमच्या मनाला येईल तसं करा, मामा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

मामांनी गुडघ्यांवर हात टेकले, उठल्यासारखं केलं आणि परत बसले. ड्रायव्हर वाट बघत राहिला. स्पीकरवर कुणीतरी पाहुण्यांची नावं घेत होतं.

"माझं जेवण झालंय म्हणावं," मामा म्हणाले.

बिभीषण घुटमळला. त्यानं आत बघितलं. स्वयंपाकघरात अजून तवाही चढला नव्हता, ते त्याला दिसलं असणार. "बरं," म्हणून तो गेला. जीप वळताना धूळ उठली, ती दारातून आत आली.

मामांनी सदरा काढला, नीट घडी केली आणि खुंटीजवळच्या पेटीवर ठेवला. मग बनियनवरच येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. पौर्णिमानं पीठ मळायला घेतलं. भाकरी कडेला फाटत होती, तरी तिनं ती तशीच तव्यावर टाकली. सायली आजोबांच्या शेजारी येऊन बसली. त्यांनी अर्धी भाकरी पिठल्यासोबत खाल्ली, अर्धी ताटात राहिली.

"चकलांब्याला जायला गाडी कुठून मिळते?" त्यांनी विचारलं.

"बीडला जायचं, तिथून गेवराईची बदलायची," ती म्हणाली. "पुढंही दुसरी पकडावी लागते म्हणे."

"लांब हाय," मामा म्हणाले. पाण्याचा तांब्या त्यांनी जवळ ओढला. "पहिल्या दिवशी मी येतो सोबत. रस्ता बघून ठेवू."